आबांचं पोट साफ झालं का?

डिसेंबर महिना. कर्वेनगरमधला आम्हा तिघांचा फ्लॅट. सेमिस्टर तोंडावर आलेली, पण आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी प्रश्न एकच, 'आबांना झाली का?' आणि उत्तरही रोजचंच, 'नाही.' असे नऊ दिवस गेले.

आबा म्हणजे कुणाचे आजोबा नव्हेत. आबा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, शेपटी धरून फूटभराहून थोडा लांब असलेला सरडा. गळ्याखाली काट्यांची दाढी, चेहऱ्यावर कायम 'पोरांनो, अभ्यास करा' असा भाव. त्यामुळे नाव आपोआपच पडलं. रूममेटला इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड मिळाला आणि त्याने शूज घ्यायचे सोडून हा पाहुणा घरी आणला. रील्समध्ये तुम्हीही पाहिला असेल. कुणाच्या खांद्यावर शांत बसलेला असतो, कुणाला पुढचा पाय हलवून 'हाय' करतो. (तो 'हाय' नसतो. 'तू मोठा, मी लहान, भांडण नको' असा त्याचा अर्थ असतो. पण ते राहू दे.)

दिसायला कूल, सांभाळायला सोपा, आवाज नाही, केस गळणं नाही, फिरायला न्यायची कटकट नाही. दुकानदाराने हेच सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. सोबत काचेची पेटी, एक पिवळा दिवा आणि 'वाळवंटी लूक येतो' म्हणून पिशवीभर बारीक वाळूही दिली. आमचं सगळं नेमकं या तीन गोष्टींनीच बिघडवलं, पण ते कळायला डिसेंबर उजाडला.

आबांचं मूळ गाव ऑस्ट्रेलियाच्या आतला कोरडा, तापलेला मुलूख. आपलं अंग आतून गरम ठेवायची सोय त्यांच्याकडे नसते. ऊन घेतलं की गाडी सुरू, सावलीत गेलं की बंद. आपण जेवून पंख्याखाली आडवे झालो तरी अन्न पचतं. त्यांना मात्र जेवल्यावर तास-दोन तास ऊन खावंच लागतं. पेटीच्या एका टोकाला, जिथे ते बसतात त्या दगडावर ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवेत आणि दुसऱ्या टोकाला २५-२६. गरम झालं की इकडून तिकडे जायचं, गार वाटलं की परत यायचं. आमच्याकडे काय होतं? काचेला चिकटवलेला एक स्टिकर थर्मामीटर, जो बारा महिने 'ठीक आहे' म्हणायचा. पुण्यात रात्री पारा १०-१२ वर आलेला आणि आमचा दिवा रात्री अकराला बंद. सकाळी कॉलेजच्या घाईत तो लावायला कुणाला आठवेल त्याची पाळी.

तरीही आम्ही त्यांना रोज पोटभर सुपरवर्म चारत होतो. खाताना भारी दिसायचं, व्हिडिओ मिळायचा. गार पोटात कडक कवचाच्या अळ्या आणि त्यांच्यासोबत जिभेला चिकटून जाणारी वाळू. आता लिहिताना लाज वाटते.

आता थोडं बाथरूमचं बोलू, कारण हा विषय टाळून हा प्राणी पाळता येत नाही. सरड्याच्या शीमध्ये तपकिरी भाग असतो आणि त्यासोबत एक पांढरा, खडूसारखा भाग असतो. तो पांढरा भाग म्हणजे त्याची लघवीच. तो मऊ पांढरा असेल तर उत्तम. पिवळट आणि दगडासारखा कडक झाला तर पाणी कमी पडतंय. पिल्लू बहुतेक रोज जातं, मोठा झाला की दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही. म्हणजे तीन दिवस झाली नाही म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पण खाणं सुरू आहे, पोट टम्म होतंय, जोर लावतोय आणि बाहेर काहीच येत नाही, हा सीन वेगळा.

सातव्या दिवशी रूममेटने सोलापूरला आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजीने स्क्रीनवर आबांना नीट निरखून घेतलं आणि लगेच इलाज सांगितला, 'चमचाभर एरंडेल घाल, मोकळा होतो का नाही बघ.' आमच्यापैकी एक जण खरोखर मेडिकलला निघाला होता. नशीब, दुकान बंद होतं. सरड्याच्या तोंडात जबरदस्तीने तेल ओतलं तर ते सहज श्वासनलिकेत जातं आणि मग पोटाचं दुखणं राहतं बाजूला, फुप्फुसाचं होऊन बसतं. माणसांची जुलाबाची औषधं तर नकोच नको.

घरी करण्यासारखं काय असतं, तर सगळ्यात आधी ऊब. पेटीचं तापमान प्रोबवाल्या डिजिटल थर्मामीटरने मोजायचं आणि कमी असेल तर सुधारायचं. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मग कोमट पाण्याची आंघोळ. पाणी साधारण ३२ ते ३५ अंश, म्हणजे आपल्या हाताला जेमतेम कोमट लागेल असं. खोली त्याच्या पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, त्याहून जास्त नाही. पंधरा-वीस मिनिटं बसू द्यायचं आणि तेवढा वेळ तिथून हलायचं नाही, फोनही नको. हे प्राणी बुडतात. पोटावरून बोटाने अगदी हलकेच, छातीकडून शेपटीकडे हात फिरवायचा. दाबायचं अजिबात नाही. नंतर नीट कोरडं करून पुन्हा उबेला. उकडून कुस्करलेला लाल भोपळा थोडासा द्यायचा आणि तोपर्यंत अळ्या बंद. नाकावर ड्रॉपरने एकेक थेंब सोडला की बरेच जण चाटून पितात. वाटीतलं साचलेलं पाणी हे पाणी आहे, हे यातल्या बऱ्याच जणांना उमगतच नाही. भाजी धुऊन ओलीच ठेवली तरी त्यातून पाणी जातं.

आंघोळीचा टब मात्र वेगळा ठेवा. आम्ही भाजी धुवायचं पातेलं वापरलं होतं. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो, म्हणून हात साबणाने धुवायचे आणि किचनमध्ये नो एन्ट्री.

आम्ही दोन दिवस हे सगळं केलं. नवव्या दिवशी सकाळी आबा दगडावर चढायला गेले आणि मागचे दोन्ही पाय फरफटत आले. दाढी काळीकुट्ट. तिघांपैकी कुणीच काही बोललं नाही. एकाने टॉवेल गरम केला, दुसऱ्याने बुटांचा खोका शोधला.

इथे आणखी एक गोष्ट कळली. जवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, 'मी कुत्री-मांजरं बघतो, हे माझं काम नाही.' सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार डॉक्टर पुण्या-मुंबईतही मोजकेच आहेत. ते शोधायला आम्हाला चार तास आणि सतरा फोन लागले. प्राणी आणण्याआधी हा नंबर फोनमध्ये असायला हवा, नंतर नाही.

एक्स-रेमध्ये आतड्यात पांढरी रेघ दिसली. वाळू. ती आत साचून अन्नाबरोबर गोळा झाली होती. पण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते भलतीकडेच, हाडांवर. ती हवी तितकी पांढरी नव्हती. त्यांनी विचारलं, 'यूव्हीबी ट्यूब कुठली वापरता?' आम्ही पिवळ्या दिव्याचा फोटो दाखवला. 'हा नुसता गरम करतो,' ते म्हणाले. 'आणि पेटी खिडकीपाशी असते,' आम्ही अभिमानाने सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त एक सुस्कारा सोडला.

काचेतून उजेड येतो, ऊन लागल्यासारखं वाटतं, पण यूव्हीबी किरण काच अडवते. ते किरण अंगावर पडल्याशिवाय या प्राण्याच्या शरीरात डी३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात हे आपण शाळेत शिकलो. स्नायूंनाही ते लागतं आणि आतडं हाही स्नायूच, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे पोट साफ न होणं हे दुखणं नव्हतंच. पेटीत जे जे चुकलं होतं, त्या सगळ्याची ती पावती होती.

आबा दोन दिवस दवाखान्यात राहिले. सलाईनची इंजेक्शनं, गरम पेटी, डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध. तिसऱ्या दिवशी घरी आणलं आणि बाराव्या दिवशी पहाटे पाच पन्नासला ग्रुपवर फोटो पडला. तो इथे छापण्यासारखा नाही. पण त्याला तिघांच्याही आईने हार्ट दिलं होतं.

मग पेटी बदलली. वाळू गेली, साधी टाइल आली. पुसायला सोपी आणि नखंही आपोआप झिजतात. लांब यूव्हीबी ट्यूब आली, मध्ये काच न ठेवता. ती वर्षभरात बदलावी लागते, कारण उजेड देत राहिली तरी तिच्यातले किरण कमी होत जातात. दिव्याला टायमर लागला. खाणंही बदललं. पिल्लांना किडे जास्त लागतात, पण मोठ्याचं ताट मुख्यतः पाल्याचं हवं. शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला, जास्वंदीची फुलं आणि पानं, भोपळा, घेवडा. पालक आणि चुका रोज नको, ते कॅल्शियम अडकवून ठेवतात. अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको आणि देताना त्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची. बाहेरून पकडलेले किडे नकोत. विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलात, तर 'याला एक नेऊ' असं मनातही आणू नका. काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी केलेल्या आहेत.

थंडीत काही मोठे ड्रॅगन आठवडेच्या आठवडे झोपतात, खात नाहीत, शीही करत नाहीत. ते नैसर्गिक आहे. पण तेव्हा पोट रिकामं असतं, फुगलेलं नसतं. आणि मादी असेल तर फुगलेल्या पोटात अंडीही असू शकतात, नर नसला तरी. तेव्हा अंदाज बांधत बसू नका. पोट फुगलंय, पाय लुळे पडलेत, उलटी झाली, मागून काही लालसर बाहेर आलंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. आमचे नऊ दिवस हा काही रेकॉर्ड नाही, मूर्खपणा होता.

आणखी एक हिशेब आम्ही कुणीच केला नव्हता. नीट सांभाळला तर हा प्राणी आठ ते बारा वर्षं जगतो. आमची डिग्री तीन वर्षांची. जूनमध्ये रूममेटला बेंगळुरूला जॉब लागला आणि पीजीच्या मालकाने सरड्याचा फोटो बघून फोनच ठेवला. उरलेल्या आम्हा दोघांचंही कुठे जायचं ते नक्की नव्हतं. विकून टाकू, असं एकदा कुणीतरी म्हणालं. पुन्हा नाही म्हणालं.

आबा सध्या सोलापूरला असतात. तिथल्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा, पेटी तापू नये म्हणून दुपारी दिवा बंद आणि माठाशेजारी मुक्काम. टायमर आजीला जमत नाही, ती दिवा हातानेच लावते, देवापुढची समई लावली की लगेच. परसातली जास्वंद आता गणपतीच्या आधी आबांना जाते. आणि दर दोन-तीन दिवसांनी आमच्या ग्रुपवर, जिथे आजीला रीतसर अ‍ॅड केलंय, एक व्हॉइस नोट येते, 'झाली रे बाबांनो, पांढरं पण चांगलं मऊ आहे.'