पंख मढवायचा कसा?
घरच्या घरी मॉडेल विमान करणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईची पाहुणेमंडळी गावी येतात. कुणाचा भाऊ लालबागहून येतो, कुणाची नणंद दहिसरहून. त्यांच्या मुलांच्या सामानात हल्ली कधी कधी एक लांबट खोका असतो आणि त्यातून हातभर लांबीचे, फुलासारखे हलके विमान निघते. हातातून अलगद सोडले की ते अंगण ओलांडून थेट गोठ्यापर्यंत तरंगत जाते. आपली मुले तोंडात बोट घालून बघत राहतात. रात्री जेवताना तुमचा मुलगा किंवा मुलगी विचारते, “बाबा, मला असं विमान कधी आणणार?”

या प्रश्नाला आमचे उत्तर असे: आणू नका, करू द्या. दिवाळीला जे घर कामट्या आणि कागद घेऊन आकाशकंदील करते, त्या घराला विमानाचा पंख अवघड नाही. सांगाडा बांधणे हे त्यातले सोपे काम. खरे कसब आहे ते पंख मढवण्याचे. ढोलकीचे पान ढिले पडले तर बोल उमटत नाही, तसाच पंखाचा कागद ढिला राहिला तर विमान उडत नाही.

दहिसरला दुकान, गावाला मैदान

दहिसर म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतले पश्चिम रेल्वेवरचे शेवटचे स्थानक. १९५७ साली ते बृहन्मुंबईत आले. आज तिथे इमारतींची दाटी आहे. तिथल्या मुलाला लोकल पकडून शहरातल्या दुकानातून बाल्सा लाकूड आणता येते, पण विमान उडवायला मोकळी जागा शोधत फिरावे लागते. तुमच्या मुलापाशी दुकान नाही, पण सुगी संपल्यावर मोकळे पडलेले रान आहे. दोघांत कमी कुणीच नाही. एकापाशी आहे ते दुसऱ्यापाशी नाही, इतकेच.

त्याच भागातले एक उदाहरण सांगतो. दहिसरहून चर्चगेटकडे निघाले की बोरिवली आणि मग कांदिवली. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारदरबारी त्याची नोंदणी झाली. गच्चीवर विमान बांधता येते, तर ओसरीवर मॉडेल का बांधता येऊ नये?

कापडाच्या पंखांवर माणसे उडाली

कागदाचा पंख म्हटले की पोरखेळ वाटतो. पण माणूस आकाशात गेला तो कापडाच्या पंखांवरच. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत राइट बंधूंचे विमान उडाले, त्याचे पंख साध्या मलमलीने मढवलेले होते. पुढे पहिल्या महायुद्धात विमानांना लिननचे कापड लागू लागले. लिनन कशाचे? विदर्भात आपण तेलासाठी जवस पेरतो, त्याच वनस्पतीच्या धाग्याच्या वाणांचे. त्या ताटांतून धागा काढतात. लिननचा तुटवडा पडला तेव्हा त्याची जागा सुती कापडाने घेतली. कापड ताणून बसवल्यावर त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण लावत. तेही कपाशीसारख्या वनस्पतीच्या तंतूंवर आम्लाची प्रक्रिया करूनच बनत असे. म्हणजे शेतात पिकलेल्या मालाने विमाने मढली.

आपल्या मुंबईचीही गोष्ट ऐका. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ विमान लाकडी पंखांचे आणि कापडाने मढवलेले होते. अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून तेवढे महिने विमाने पुण्याला हलवावी लागत. पुढे स्वतंत्र भारतात हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगलोरला ‘पुष्पक’ विमान बांधले. ते १९५८ साली प्रथम उडाले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. त्याचेही पंख कापडी होते. त्याच्यामागून लष्करासाठी जे विमान आले, त्याचे नावच होते ‘कृषक’!

मढवण्यात कसूर झाली तर काय होते, तेही इतिहासाने दाखवले आहे. १९१८ साली ‘न्यूपोर्ट २८’ जातीच्या लढाऊ विमानांनी जोरात खाली सूर मारला की वरच्या पंखाचे कापड सुटून उडून जाई. बिचाऱ्या वैमानिकाला उरल्यासुरल्या पंखावर जीव वाचवावा लागे. तुमच्या मुलाच्या विमानात कुणी बसणार नाही. पण नियम तोच आहे.

आधी वजनाचा हिशेब

समजा, पंख ६० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद आहे. वरची आणि खालची बाजू मिळून १,२०० चौरस सेंटिमीटर कागद लागेल. मॉडेलचा पातळ कागद घेतला तर त्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास भरते. पतंगाचा कागद घेतला तर अडीच ग्रॅम धरा. वर्तमानपत्राचा कागद सव्वापाच ग्रॅमच्या पुढे जातो आणि वहीचा कागद सातच्या घरात. सगळे विमान मिळून जेमतेम ३०-४० ग्रॅमचे, त्यात हा फरक लहान नाही. म्हणून गावात वहीचा कागद फुकट मिळत असला तरी पतंगाचाच कागद घ्यावा. यात्रेतून किंवा संक्रांतीच्या बाजारातून चार ताव आणून, न दुमडता गुंडाळून ठेवावेत.

सांगाड्याला बाल्सा मिळाले तर उत्तम. दक्षिण अमेरिकेकडच्या या झाडाचे लाकूड आपल्या सागाच्या पाव वजनाचे असते. नाहीच मिळाले, तर सावलीत वाळवलेल्या कळकाच्या बारीक कामट्या चालतात. पंखाला पुढची कड, मागची कड, मधला दांडा आणि आडव्या फासळ्या असतात. मढवण्यापूर्वी सगळा सांगाडा बारीक पॉलिश कागदाने घासावा. बोट फिरवताना जिथे कूस लागेल, तिथे उद्या कागद फाटेल हे पक्के समजा.

आता मढवू या

पहिली गोष्ट, कागदाची शीर ओळखावी. लाकडाला असते तशी कागदालाही शीर असते. एक तुकडा उभा फाडा आणि एक आडवा फाडा. ज्या बाजूने सरळ रेघेत फाटतो, ती त्याची शीर. ही शीर पंखाच्या लांबीला धरावी. उलट धरली तर फासळ्यांच्या मध्ये कागद खोल बसतो आणि पंख म्हाताऱ्या बैलाच्या बरगड्यांसारखा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट, खालची बाजू आधी आणि वरची नंतर. वरचा कागद कडेवरून खाली दुमडला की जोड खाली झाकला जातो आणि वाऱ्याला अडत नाही. कागद पंखापेक्षा चोहोबाजूंनी दोन बोटे मोठा कापावा.

तिसरी गोष्ट, चिकटवण. मैद्याची पातळ खळ किंवा पाणी घालून सैल केलेला पांढरा डिंक चालतो. तो बोटाने किंवा मऊ कुंचल्याने फक्त बाहेरच्या कडांना लावावा. वरच्या बाजूच्या मधल्या फासळ्यांना लावू नये. मात्र पंखाची खालची बाजू पोकळ, म्हणजे आत वळलेली असेल, तर त्या बाजूला प्रत्येक फासळीला चिकटवण लावावी. नाहीतर कागद ताणला की फासळी सोडून सरळ होतो.

चौथी गोष्ट, ताण. कागद आधी मध्यभागी टेकवावा, मग दोन्ही टोकांकडे हलक्या हाताने ओढत न्यावा. सुरकुती काढायची ती टोकाकडे ढकलून. इथे फार ओढायचे नाही, कारण खरा ताण पुढे पाणी देणार आहे. टोकाच्या गोलाईवर कागद ऐकत नाही, तिथे त्याला बारीक कापे द्यावेत आणि एकावर एक पाकळ्यांसारखे बसवावेत. वाळल्यावर जादा कागद नव्या ब्लेडने कापावा. हे काम मोठ्या माणसाने करावे किंवा शेजारी बसून करून घ्यावे.

पाण्याची किमया

एक रात्र चिकटवण वाळू द्या. सकाळी फवारणीच्या बाटलीने पंखावर दवासारखे पाणी उडवा. भिजवायचे नाही, फक्त ओलावा द्यायचा. कागद आधी ढिला पडून लोंबेल. मुलगा म्हणेल, “सगळं वाया गेलं!” घाबरू नका. पाणी लागले की कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आखडतात. तासाभरात कागद ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. टिचकी मारली तर ‘टप्’ असा आवाज येतो.

पण इथेच खरा धोका आहे. आखडणारा कागद नाजूक सांगाड्यालाही ओढतो आणि पंखाला पीळ पडतो. म्हणून ओला पंख सपाट फळीवर ठेवावा, खाली काडीपेटीच्या काड्या घालून थोडी हवा खेळती ठेवावी, कडांवर टाचण्या किंवा लहान वजने ठेवून वाळेपर्यंत हलवू नये. उन्हात ठेवू नये, सावलीतच वाळवावा.

वाळल्यावर विमान मागून बघा. दोन्ही पंखांची कड सारखी दिसली पाहिजे. दोन्ही टोकांची मागची कड सारखीच किंचित वर असेल तर ते चांगलेच, विमान सावरून उडते. पण एका पंखाला पीळ आणि एक सरळ असेल तर विमान गिरक्या घेत जमिनीवर येईल. त्याला उपाय आईच्या चुलीवर आहे. भाताच्या वाफेवर तो पंख क्षणभर धरावा, पीळ असेल त्याच्या उलट दिशेने हळूच वळवावा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवावा. वाफेने हात भाजतो, म्हणून हे काम मोठ्यांनी करावे.

शेवटी रोगणाचे दोन पातळ हात द्यावेत. त्याने कागदाची छिद्रे बुजतात आणि पावसाळी हवेत पंख पुन्हा सैल पडत नाही. डोप किंवा कुठलेही पातळ रोगण झटकन पेट घेते आणि त्याचा वास डोक्यात जातो. चूल, कंदील, विडी यांपासून दूर, उघड्या पडवीत, मोठ्यांच्या देखत हे काम व्हावे. दुसरा जाड थर देण्याचा मोह टाळावा. तेवढे वजन विमानाला फुकट वाहावे लागते.

शहरात आता मागे चिकटवण असलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा मिळतो. तो इस्त्रीने बसवतात. आधी कमी उष्णतेने कडा चिकटवायच्या, मग उष्णता वाढवून मधला भाग आखडवायचा. तो पाण्याला दाद देत नाही, पण कागदापेक्षा जड असतो. इंजिनाच्या मोठ्या मॉडेलला तो बरा. हातभर लांबीच्या विमानाला कागदच शोभतो.

उडवताना

पंखाच्या रुंदीचे तीन भाग कल्पून, पुढून पहिला भाग संपतो तिथे दोन्ही बाजूंना बोटाच्या टोकांवर विमान तोलून बघा. शेपूट खाली गेली तर नाकाला थोडी माती लावा. सकाळी वारा पडलेला असताना, गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, नाक किंचित खाली ठेवून अलगद सोडा. फेकू नका. विजेच्या तारा, उघडी विहीर आणि रस्ता यांपासून लांब राहा. तारेत अडकलेले विमान काढायला कुणीही चढायचे नाही, ही शपथ आधी घेऊन ठेवा. विमानतळाच्या आसपास तर काहीच उडवू नये.

याने काय होणार?

शेतकरी माणूस हिशेबी असतो, त्याने हे विचारलेच पाहिजे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजे एन. सी. सी.च्या हवाई विभागात मॉडेल विमान बांधणे हा शिक्षणाचाच भाग आहे आणि त्याच्या देशपातळीवर स्पर्धा होतात. त्या विभागाचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांसाठी हवाई दलाच्या भरतीत वेगळी वाट ठेवलेली आहे. तुमची मुले पुढे तालुक्याच्या कॉलेजात गेली, तर तिथे हा विभाग आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारायला सांगा.

दुसरे, आता विमान शेतातच आले आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ‘नमो ड्रोन दीदी’ योजना जाहीर केली आणि १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरवले. ड्रोनला पंख नसतील, पण वजन, तोल आणि वारा यांचे गणित त्यालाही चुकलेले नाही. जी मुलगी आज अडीच ग्रॅम आणि सात ग्रॅम कागदातला फरक तळहातावर तोलून बघते, तिला उद्या भरलेली टाकी आणि रिकामी टाकी यातला फरक सांगावा लागणार नाही.

आणि समजा, यातले काही झाले नाही, तरी चार दिवस हात स्थिर ठेवून, घाई न करता, वाळायची वाट बघत एक काम मुलाने तडीस नेले, ही कमाई उरतेच. पहिला पंख वाकडाच होईल. तो फेकू नका. कागद ओला करून काढा, सांगाडा पुसून वाळवा आणि त्याच सांगाड्यावर दुसरा ताव चढवा. पेरणी फसली म्हणून आपण रान टाकून देत नाही.