‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ हे संशोधनातलं उत्तर का नाही?

स्थानिक स्वराज्य संस्थांवर सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य आपोआप हाताखालून निघतं: ‘राजकीय इच्छाशक्तीच्या अभावामुळे सुधारणा रखडल्या.’ वाक्य खोटं नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. इच्छाशक्ती नव्हती हे कशावरून? तर काम रखडलं म्हणून. आणि काम का रखडलं? तर इच्छाशक्ती नव्हती म्हणून. हे गोल फिरणं झालं. गाईडने पहिल्याच भेटीत ‘पुरावा काय?’ विचारलं तर पुढे बोलता येत नाही.

मग दिरंगाईचा अभ्यास करायचा कसा? मुंबई महापालिकेचं उदाहरण घेऊ.

आधी ‘उशीर’ कशाला म्हणायचं ते ठरवा

उशीर मोजायला मुळात ठरलेली वेळ लागते. ‘महापालिकांना पुरेसे अधिकार दिले नाहीत’ या तक्रारीत ती सापडत नाही, कारण 74व्या घटनादुरुस्तीने (अंमल 1 जून 1993) कलम 243 डब्ल्यूमध्ये अधिकार द्यायचं काम राज्यांच्या मर्जीवर सोडलं. निवडणुकीचं मात्र तसं नाही. कलम 243 यू सांगतं की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण झाली पाहिजे. 2006 मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर ही मुदत पाळायलाच हवी.

मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली. मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे साधारण तीन वर्षं दहा महिने उशीर. हा झाला तुमचा मोजता येणारा आकडा.

मग उशिराचे तुकडे करा

एक्सेलमध्ये चार रकाने काढा: तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, दुसरं काय ठरवता आलं असतं. आता भरायला घ्या.

4 मार्च 2021: विकास गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणतं, ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी स्वतंत्र आयोग, संस्थानिहाय आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला 50 टक्क्यांची मर्यादा, या तिन्ही अटी पाळा.

नोव्हेंबर 2021: महाविकास आघाडी सरकार मुंबईचे प्रभाग 227 वरून 236 करायचं ठरवतं.

11 मार्च 2022: मुदत संपून चारच दिवस झालेत. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा लागू होतो.

4 मे 2022: न्यायालय आयोगाला सांगतं, 11 मार्चच्या आधीची रचना धरा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम जाहीर करा.

20 जुलै 2022: बांठिया आयोगाचा अहवाल स्वीकारून ओबीसी आरक्षणाला परवानगी.

ऑगस्ट 2022: नवं शिंदे-फडणवीस सरकार प्रभाग पुन्हा 227 करतं. 22 ऑगस्टला ‘जैसे थे’चा आदेश येतो आणि त्यापुढे तारखांवर तारखा.

6 मे 2025: न्यायालय सांगतं, बांठिया अहवालाच्या आधीचं ओबीसी आरक्षण धरा आणि निवडणुका घ्या.

आता तक्ता वाचा

‘कोर्टामुळे अडलं’ हे उत्तर अर्धंच आहे. मे 2022 मध्ये कोर्टच निवडणूक घ्या म्हणत होतं. पण ऑगस्टनंतरची लांबलचक शांतता कोर्टातच गेली, तेही लिहायला हवं. ‘अमुक पक्षाने अडवलं’ हेही टिकत नाही, कारण प्रभागांचे आकडे दोन वेगवेगळ्या सरकारांनी बदलले. ‘कोविड’ म्हणाल, तर नवी मुंबईची मुदत 2020 मध्ये संपली, तिच्या पहिल्या वर्षाला ते कारण चालेल. पुढच्या वर्षांना नाही.

आणि ओबीसी आरक्षण? इथे तुलना कामाला येते. 18 डिसेंबर 2022 ला याच राज्यात, याच आयोगाने हजारो ग्रामपंचायतींचं मतदान घेतलं. आरक्षणाचा प्रश्न तिथेही होता. म्हणजे ते एकटं कारण पुरत नाही. पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. ग्रामपंचायतींचा कायदा वेगळा आहे आणि ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. नेमका कोणता फरक महत्त्वाचा, हाच तुमचा संशोधन प्रश्न होऊ शकतो.

दुसरा प्रश्न चौथ्या रकान्यातून निघतो. जुनं आरक्षण धरून निवडणूक घ्यायचा जो तोडगा 2025 मध्ये निघाला, तो आधी कोणी मांडला होता का? नसेल तर का नाही? मधल्या काळात पालिका प्रशासकाच्या हाती होती. प्रशासक राज्य सरकारने नेमलेला, आणि बजेटवर प्रश्न विचारायला ना स्थायी समिती, ना नगरसेवक. उशिराचा फायदा कोणाला झाला याचा शोध इथून सुरू करा. मात्र फायदा झाला म्हणजे हेतू होताच असं नाही. हेतूसाठी वेगळा पुरावा लागतो: सभागृहातल्या चर्चा, कोर्टातली प्रतिज्ञापत्रं, मंत्रिमंडळाचे निर्णय. यातलं बरंच काही जाहीर आहे, वाचायचा कंटाळा तेवढा नको.

‘इच्छाशक्ती’ हा शब्द टाळाच असं मी म्हणत नाही. पण तो लिहाल तेव्हा शेजारी तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचं पद असू द्या. चार वर्षांच्या आसपास ज्या शहराला नगरसेवक नव्हता, त्याला निदान इतकं नेमकं उत्तर द्यायला हवं.