नियमाच्या काठावरची पात्रे

ऑनलाइन खेळांत शत्रूला मारणे, पातळी वाढवणे आणि शस्त्रे मिळवणे हा बहुतेक खेळाडूंचा उद्योग असला, तरी त्याच खेळांत एक लहानसा वर्ग असाही आहे की, ज्याला या साऱ्यापेक्षा आपण रचलेल्या पात्राच्या तोंडून बोलण्यात अधिक रस असतो. या प्रकाराला 'रोलप्ले' म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला, आणि १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी केवळ मजकुरावर चालणारे 'मड' हे सामायिक काल्पनिक जग संगणकावर उभे केले. या दोन प्रवाहांतून पुढे जे खेळ निर्माण झाले, त्यांपैकी ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाला, आणि त्यात रोलप्ले करणाऱ्यांसाठी वेगळे सर्व्हर राखून ठेवण्यात आले. अमेरिकेतील 'मून गार्ड' आणि युरोपातील 'अर्जंट डॉन' हे त्यांतले विशेष गजबजलेले.

या सर्व्हरवरील व्यवहार जवळजवळ सगळा लेखी असतो. पात्राचे संवाद आसपासच्या खेळाडूंना चॅटमध्ये दिसतात, तर त्याच्या हालचाली खेळाडू तृतीय पुरुषी वाक्यांत लिहितो, आणि या वाक्यांना 'इमोट' असे नाव आहे. शिवाय 'टोटल आरपी ३' सारखे खेळाडूंनीच तयार केलेले पूरक प्रोग्राम बसवले की, समोरच्या पात्रावर क्लिक करताच त्याच्या मालकाने लिहिलेले वर्णन उघडते आणि 'प्रथमदर्शनी' या सदराखाली पाच छोट्या खुणा नोंदवता येतात. पडद्यावरचे चित्र हजारो जणांचे एकसारखे असल्यामुळे तुटलेला कान, औषधी पाल्याचा वास किंवा डाव्या हाताची थरथर या गोष्टी केवळ या मजकुरातूनच कळतात.

अशा जगाला एक पूर्वपीठिका असते. कोणत्या वंशाचा इतिहास काय, कोणती विद्या कोणाला साध्य आणि कोणाला निषिद्ध, याविषयीच्या अधिकृत कथासंचिताला खेळाडू 'लोर' म्हणतात. या लोरला ताण देणारे पात्र, म्हणजे माणसाच्या रूपात वावरणारा ड्रॅगन किंवा दोन वैरी वंशांचे अपत्य, सर्व्हरवर आले की जुन्या खेळाडूंच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांची नाराजी अनाठायी नाही. कारण प्रत्येक जण अपवाद होऊ लागला, तर ज्या नियमामुळे तो अपवाद उठून दिसतो तो नियमच उरत नाही. तरीही असे पात्र मुळातच नको, ही भूमिका टिकणारी नाही. मराठी वाचकाला हे पटवून देण्याची गरज नसावी, कारण वि. स. खांडेकरांनी 'ययाति'मध्ये महाभारतातील उपाख्यानाचा सांगाडा कायम ठेवून कचाला मूळ कथेपेक्षा कितीतरी मोठे स्थान दिले, आणि वाचकांनी ते आपलेसे केले.

विजोड पात्र कशामुळे उभे राहते, याचे उत्तम उदाहरण 'फोरसेकन' या वंशात सापडते. हे लोक मेलेले असून पुन्हा उठवले गेलेले आहेत, तर 'लाइट' ही या जगातील पवित्र, श्रद्धेवर चालणारी शक्ती आहे. मग मृत धर्मगुरू तिचा वापर कसा करू शकतो, हा प्रश्न खेळाडूंनी वारंवार विचारला. ब्लिझर्डच्या कथालेखकांनी दिलेले उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. लाइट वापरणे शक्य आहे, परंतु त्याने मृत देहाला भयंकर वेदना होतात, आणि दीर्घ संपर्कात राहिल्यास बधिर झालेली इंद्रिये हळूहळू जागी होऊ लागतात. म्हणजे त्या धर्मगुरूला स्वतःच्या सडलेल्या मांसाचा वास येतो, तोंडातील कुजकेपणाची चव कळते आणि शरीरात वळवळणाऱ्या अळ्याही जाणवतात. या एका तपशिलात खेळाडूला वर्षभर पुरेल एवढे नाट्य आहे. जखमी सोबत्यावर उपचार करण्यापूर्वी असे पात्र क्षणभर थबकते, बोटे आत मिटते, मग नाइलाजाने हात पुढे करते, आणि हे तीन ओळींच्या इमोटमधून दिसले की त्याच्या अपवादात्मकतेवर कोणी आक्षेप घेत नाही. येथे नियम मोडलेला नसून त्याची किंमत पात्र प्रत्येक वेळी चुकवत असते, आणि वेगळेपणाची खरी कसोटी हीच मानली पाहिजे.

लोर ही अचल वस्तू नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. 'एरेडार' या वंशाने सार्गेरास या देवतुल्य वीराला भ्रष्ट केले, असे वॉरक्राफ्टच्या आधीच्या खेळात सांगितले होते. २००७ च्या 'बर्निंग क्रुसेड' या विस्तारासाठी नेमकी उलट कथा मांडण्यात आली, आणि आपल्या हातून जुन्या मजकुराकडे दुर्लक्ष झाल्याचे मुख्य कथाकार ख्रिस मेट्झेन यांनी जाहीरपणे मान्य केले. आधीचा इतिहास असा मागाहून बदलण्याला 'रेटकॉन' म्हणतात. याहून अधिक कौशल्याचे काम २०१० च्या 'कॅटाक्लिझम'मध्ये दिसते. बैलमुखी 'टॉरेन' लोकांत तोवर पवित्र योद्धे नव्हते. चंद्राइतकाच सूर्यही आपल्या धरित्रीमातेचा डोळा असताना त्याच्या उपासनेकडे दुर्लक्ष का झाले, असा विचार त्यांच्यातील दोन पात्रांच्या संभाषणात मांडून 'सनवॉकर' हा नवा पंथ निर्माण करण्यात आला. नवे पात्र रचणाऱ्याने अभ्यासावा असा हा नमुना आहे, कारण त्यात जुन्या श्रद्धेतलाच एक न वापरलेला धागा उचललेला आहे.

याउलट फसलेली पात्रेही अधिकृत साहित्यात आहेत. वॉरक्राफ्टच्या कॉमिकमधील मेडान हा अनेक वंशांचे रक्त आणि अनेक परस्परविरोधी विद्या एकाच देहात घेऊन येतो. तो अनेक वाचकांच्या पचनी पडला नाही आणि पुढील कथानकांत त्याला फारसे स्थान उरले नाही. अशा सर्वगुणसंपन्न पात्राला 'मेरी स्यू' म्हणतात, आणि हे नाव पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या हौशी लिखाणावर केलेल्या विडंबनातून आले आहे. रोलप्लेमध्ये हा दोष अधिक बोचतो, कारण तेथे समोर वाचक नसून स्वतःची पात्रे घेऊन आलेले सहलेखक असतात. म्हणूनच प्रहार 'केला' असे न लिहिता 'करू पाहिला' असे लिहावे आणि परिणाम ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याकडे सोडावा, हा अलिखित नियम पाळला जातो.

खेळाडूंच्या चिकाटीचे सर्वांत ठळक उदाहरण 'हाय एल्फ' लोकांचे आहे. लोरनुसार त्यांच्यातील बहुसंख्यांनी आपल्या वंशाच्या संहारानंतर 'ब्लड एल्फ' हे नाव घेतले आणि त्यांचे डोळे हिरवे झाले. निळ्या डोळ्यांचे थोडेसे मूळ लोक अलायन्स या विरुद्ध पक्षाजवळच राहिले, परंतु खेळात त्यांची निवड करण्याची सोयच नव्हती. अनेकांनी तरीही दुसऱ्या वंशाचा देह घेऊन केवळ लेखी वर्णनाच्या आधारे हाय एल्फ साकारले, आणि समजूतदार सहखेळाडूंनी डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रापेक्षा त्या मजकुरावर विश्वास ठेवला. २०१८ मध्ये अलायन्सच्या बाजूने 'व्हॉइड एल्फ' हा नवा वंश खुला झाला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये 'शॅडोलँड्स'पूर्वी आलेल्या सुधारणेत ब्लड एल्फ व व्हॉइड एल्फ या दोघांनाही निळे डोळे निवडण्याची मुभा ब्लिझर्डने दिली.