शेपटी हलते म्हणजे काय?

पोलिसांच्या श्वानपथकाचं प्रात्यक्षिक तुम्ही पाहिलंच असेल. जळत्या कड्यातून कुत्रा झेपावतो आणि आपण कडकडून टाळ्या वाजवतो. छत्रपती संभाजीनगरात असं प्रात्यक्षिक पुन्हा बघायचा योग आला, तर एक गंमत करा. उडीकडे बघूच नका! उडीच्या आधी तो कसा उभा असतो, ते बघा.

अंगाचा भार पुढच्या पायांवर, कान पुढे, तोंड मिटलेलं, नजर एका जागी खिळलेली. कामाची अशी जबर ओढ असेल तरच कुत्रा पोलिसांच्या उपयोगी पडतो. नुसतं धिप्पाड असून भागत नाही.

ही ओढ ओळखायची कशी? पिल्लाला धरून ठेवायचं, त्याच्या देखत चेंडू उंच गवतात फेकायचा आणि जरा थांबून त्याला सोडायचं. एखादं पिल्लू चार उड्या मारतं, भुंकतं आणि चेंडू दिसला नाही की परत येतं. दुसरं मात्र नाक खाली घालून शोधतच राहतं. कुणी ‘शाब्बास’ म्हणत नाही, तरी थांबत नाही. हे दुसरं कामाचं! पहिल्याचा दंगा बघून पुष्कळ जण फसतात. दंगा म्हणजे नुसता उतावळेपणा, तो लगेच विझतो.

पुढे याच चेंडूवर सारं शिक्षण चालतं. ठरावीक वास हुडकला की चेंडू मिळतो. कुत्र्याला बॉम्बबिम्ब काही कळत नाही हो, त्याला आपला चेंडू हवा असतो!

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. तेव्हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात ‘जंजीर’ नावाचा लॅब्रेडॉर होता. पुण्यात शिकलेला, वय जेमतेम सव्वा वर्ष. तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटकं त्यानं हुडकली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब जमा आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

पण एकट्या नाकानं हे होत नाही. नाक काय म्हणतंय, हे कळणारा माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला लागतो. स्फोटकं सापडली की कुत्रा भुंकत नाही, पंजानं उकरत नाही. उकरलं तर स्फोटच व्हायचा! तो गुपचूप खाली बसतो. त्याच्याही आधी, क्षणभरच, त्याचं अंग बोलतं. पुढे निघालेला कुत्रा झटकन मान मागे वळवतो, उघडं तोंड मिटतो, भराभर हुंगू लागतो, शेपटीची लय बदलते. नेमक्या त्याच वेळी हॅण्डलरनं ‘चल पुढे’ म्हणून दोरी ओढली तर?

आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात आणखी एक पंचाईत. उन्हानं कुत्र्याला धाप लागते, जीभ बाहेर येते. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट हुंगता येत नाही. तो गप्प राहिला, याचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा, की ‘मी दमलोय’ असा? हे ज्याला ओळखता येत नाही, त्यानं ‘जागा सुरक्षित आहे’ म्हणून सांगणं मोठं धोक्याचं.

आणि गंमत म्हणजे कुत्राही माणसाला वाचतो! अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १८ हॅण्डलर आणि त्यांच्या कुत्र्यांवर एक प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ‘लाल कागद असेल तिथे वास ठेवलाय,’ असं हॅण्डलरना सांगितलं होतं. खरं तर वास कुठेच ठेवला नव्हता. तरी ‘इथे सापडलं’ असा इशारा पुष्कळदा मिळाला, आणि लाल कागदापाशी जास्त! म्हणून सरावात वास कुठे लपवलाय, हे कधी कधी हॅण्डलरलाही कळू देत नाहीत.

आता शेपटीचं. शेपटी हलली की कुत्रा खूश, असं आपण धरून चालतो. पण सैल, अंगासकट डोलणारी शेपटी वेगळी आणि ताठ, उंच धरून थरथरणारी वेगळी. दुसरी दिसली तर गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्यालाही हात लावू नका. तो जांभई देतोय, ओठ चाटतोय, मान फिरवतोय? मग त्याला तुम्ही जवळ यायला नको आहात. हळूच मागे व्हा. पळू मात्र नका हं!