अकराव्या मशीनसाठी जागा

जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१. अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी तेव्हा कॉम्प्युटरची देखभाल करायचो. सकाळी अकराला आतल्या खोलीतून हाक आली, "भाऊ, सर्व्हर काऊन नाई उघडून राह्यला?" वायर घट्ट होती, स्विचचे दिवे लुकलुकत होते, पिंगही जात होतं. शेजारच्या टेबलावर तेच फोल्डर बिनबोभाट उघडत होतं. या एका टेबलावर मात्र संदेश येत होता: आता आणखी जोडणी घेता येणार नाही.

वऱ्हाडातल्या लहान ऑफिसांत असा एक पीसी हमखास असतो. अकोल्यात कापसाच्या व्यापाऱ्याची गादी असो की अमरावतीतलं डीटीपी सेंटर, टॅलीचा डेटा, पक्षकारांच्या फायली, स्कॅन केलेले कागद, सगळं त्याच्यावर. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. पण आत साधं विंडोज असतं, आणि साध्या विंडोजला पाहुणे मोजून घ्यायची अट असते. एक्सपी होममध्ये एका वेळी ५ जोडण्या, एक्सपी प्रोफेशनलमध्ये १०, विंडोज ७ पासून २०. ही मर्यादा परवान्याची आहे. रॅम वाढवा, नवा स्विच आणा, आकडा हलत नाही. जास्त जोडण्या हव्या असतील तर विंडोज सर्व्हर घ्या, वर प्रत्येक वापरणाऱ्याचा किंवा मशीनचा वेगळा परवाना घ्या, असा तो हिशेब.

त्या ऑफिसात मशीन होती चौदा: बरीचशी एक्सपी, काही विंडोज ७, धाकट्या भागीदारांचा मॅक, एका शिकाऊ मुलाच्या लॅपटॉपवर उबुंटू. सामायिक पीसी एक्सपी प्रोफेशनलचा. एका मशीननं चार फोल्डर उघडले तरी साधारणपणे जोडणी एकच धरली जाते, आणि सगळी मशीन एकदम बसत नसत, म्हणून एरवी भागायचं. पण स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीनही एक जागा अडवतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

घाईत माणूस अशा वेळी पीसी रीस्टार्ट करतो. मीही पूर्वी तेच करायचो, आणि दहा जणांच्या उघड्या एक्सेल शीट एकदम तुटायच्या. त्या दिवशी 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडलं. शेअर्ड फोल्डर्सखाली सेशन्सची यादी असते: कोणतं मशीन, किती फायली उघड्या, किती वेळ निवांत. दहा ओळी होत्या. त्यांतल्या एका ओळीवर फाइल उघडी होती आणि निवांत वेळ तासांत गेला होता. ती ओळ ऑफिसातल्या एका साहेबांची होती, आणि ते पहाटेच अकोल्याला गेले होते. त्यांचा पीसी मात्र आदल्या रात्रीपासून जागा अडवून बसला होता. नुसती रिकामी जोडणी पंधरा मिनिटांनी आपोआप सुटते, फाइल उघडी असली की सुटत नाही. साहेबांना फोन केला. त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच टेबलावर फाइल सेव्ह करून बंद केली आणि अकरावं मशीन आत आलं.

कायमचा उपाय मात्र माळ्यावरच्या एका जुन्या मशीनमध्ये आणि एका मुक्त प्रोग्रॅममध्ये होता. त्या प्रोग्रॅमची गोष्ट अशी. आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकात एसएमबी नावाची फायली वाटून घ्यायची भाषा घडवली. विंडोज तीच बोलतं. १९९१ च्या शेवटी कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्यानं नेटवर्कवरून जाणारे संदेश निरखून ती उलगडली आणि स्वतःचा सर्व्हर लिहिला. आधीच्या नावावर हरकत आली, तेव्हा त्यानं शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यांत 'सांबा' सापडला. सांबा मुक्त आहे, त्यात परवान्यानं ठरलेली पाहुण्यांची मोजणी नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिघांनाही तो एकच दार उघडून देतो.

माळ्यावरचा टाकून दिलेला डेस्कटॉप काढला, धूळ झाडली, नवी हार्डडिस्क घातली, लिनक्स आणि सांबा टाकला. इन्व्हर्टरची लाइन दिली, कारण उन्हाळ्यात इथं वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर बॅकअप लावला. त्या दिवसापासून चौदाही मशीन एकदम बसू लागली.

एक सावधगिरी जीव तोडून सांगतो. जुना स्कॅनर किंवा एक्सपीचं मशीन चालावं म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू ठेवायचा मोह होतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस त्याच वाटेनं जगभर पसरला आणि फायली कुलूपबंद करत गेला. जुनं मशीन वेगळं ठेवा किंवा पेन ड्राइव्हवर भागवा, पण ते दार बंदच असू द्या.

महाग यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या ऑफिसाला स्वतःचं यंत्र नीट ओळखता आलं, तर त्याचा पैसा आणि माणसांची मेहनत दोन्ही वाचतात, हे मी तिथं शिकलो. निघताना पीसीच्या कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवली: 'रीस्टार्ट करण्याआधी यादी पाहा. कोणीतरी काम करत असेल.'