जोर, धाव आणि गोळा

किल्लारीचे नाव निघाले की 30 सप्टेंबर 1993 ची ती भूकंपाची पहाट आठवावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या आपत्तीनंतर नव्याने वसलेल्या या गावाच्या आसपास, किंबहुना लातूर-नांदेडच्या साऱ्या मुलखात, आजच्या पहाटे रस्त्यावर जी तरुण मंडळी धावताना दिसतात, त्यांपैकी कितीतरी जण पोलीस भरतीची तयारी करीत असतात. शरीरविज्ञानाने गेली चार दशके ज्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला, नेमका तोच प्रश्न या शेतकऱ्यांच्या मुलामुलींपुढे भरतीच्या मैदानावर उभा राहतो.

भरतीची मैदानी चाचणी एकंदर 50 गुणांची. पुरुष उमेदवारांस 1600 मीटर धावेला 20, 100 मीटर धावेला 15 आणि 7.260 किलोग्रॅमच्या गोळाफेकीला 15 गुण. महिलांस 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोग्रॅमचा गोळा. दीर्घ धाव ही मुख्यतः हृदय, फुप्फुसे आणि प्राणवायूच्या पुरवठ्यावर चालते. 100 मीटरच्या धावेचा बराचसा खर्च स्नायूंत आधीपासून साठविलेल्या शक्तीतून भागतो. आणि गोळ्याचे तर सारे काम एका क्षणाचे. बोटांच्या मुळांशी पेललेला गोळा मानेला टेकवून उमेदवार वाकतो, तेव्हा पाहणाऱ्याची नजर त्याच्या हातावर खिळते. वस्तुतः रेट्याचा उगम मागच्या पायाच्या तळव्यात असतो, तेथून तो मांडी, कंबर व खांदा असा चढत जातो, आणि हात केवळ अखेरचा धक्का देतो. मांडीच्या स्नायूंतील जलद आकसणारे तंतू एकदम कामास लागले नाहीत, तर दंड कितीही पीळदार असोत, गोळा जवळच पडतो.

मग दमसास, वेग आणि जोर ही तिन्ही एकाच देहात एकाच वेळी वाढविता येतात काय? अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 साली या प्रश्नाचा जो छडा लावला, तो या विषयाचा आरंभबिंदू मानला जातो. त्यांनी एका गटास केवळ वजनांचा व्यायाम दिला, दुसऱ्यास केवळ दमसासाचा, आणि तिसऱ्यास दोन्ही पूर्ण मात्रेत. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. ताकद मात्र सातव्या आठवड्याच्या सुमारास वाढायची थांबली आणि पुढे घटू लागली, तर केवळ वजने उचलणाऱ्यांची ताकद अखेरपर्यंत चढत राहिली.

पुढे पेशींच्या अंतरंगात याचे कारण शोधले गेले. शक्तीचा साठा उतरू लागला की एएमपीके नावाचे प्रथिन कोठावळ्यासारखे सावध होते आणि नव्या बांधकामाचा खर्च रोखून धरते. उलट वजनाच्या ताणाने एमटॉर नावाचे प्रथिन जागे होऊन स्नायू बांधण्याचा हुकूम सोडते. एवढ्यावरच सारा उलगडा होतो असे नव्हे, कारण साध्या थकव्याचाही त्यात मोठा वाटा असतो. नंतरच्या संशोधनाने तर हिक्सन यांच्या निष्कर्षाची धार बरीच बोथट केली: माफक मात्रेत दोन्ही व्यायाम एकत्र केल्यास स्नायूंची वाढ व एकूण ताकद यांस फारशी बाधा येत नाही, झळ लागते ती मुख्यतः स्फोटक जोराला, आणि तीही दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत उरकले तर. मध्ये काही तासांचे अंतर ठेवले की हा तोटा बहुतांशी टळतो.

हे वाचताना मला आपल्या तालमींचा शिरस्ता आठवतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1970 साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. अशा मल्लांना घडविणाऱ्या तालमीत जोर, बैठका, दोर चढणे, धावणे आणि मातीतली लढत ही सारी मेहनत असे. पण एक मेहनत पहाटेची, दुसरी सायंकाळची, आणि मधल्या वेळात खुराक, अंगमर्दन व झोप यांचा चोख बंदोबस्त. वस्तादांनी ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून बसविली, आणि ती त्यांच्या सूक्ष्म बुद्धीची साक्ष आहे असे मी मानतो.

धावणाऱ्याने ताकदीचा व्यायाम टाळावा, ही समजूतही खरी नव्हे. फिनलंडमध्ये लीना पाव्होलाइनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धावपटूंच्या सरावाचा सुमारे तिसरा हिस्सा उड्या, छोट्या वेगवान धावा व हलकी वजने यांना दिला. नऊ आठवड्यांत त्यांची 5 किलोमीटरची वेळ सुधारली, आणि तीही प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता न वाढता. पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकू लागले, त्याच वेगाला खर्च कमी पडू लागला.

म्हणून रोज पहाटे पूर्ण 1600 मीटर जीव तोडून धावावयाचे आणि तशाच थकल्या पायांनी गोळा उचलावयाचा, ही अनेक ठिकाणी दिसणारी पद्धत मला घातक वाटते. गोळा, उड्या आणि 100 मीटरची धाव यांना ताज्या अंगाचा वेळ द्यावा, दीर्घ धाव सायंकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवावी, आणि तीही बहुतेक दिवशी बोलता येईल इतक्या सावकाश गतीने. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सायंकाळची धाव ऊन पुरते उतरल्यावरच घ्यावी. मेहनतीनंतर भाकरी, वरण, शेंगदाणे, दूध असे पोटभर अन्न मिळालेच पाहिजे. विशेषतः मुलींच्या ताटात ते कमी पडू नये, कारण उपाशी देहात वर सांगितलेले बांधकाम होतच नाही. चाचणीपूर्वीच्या आठवड्यात वेग कायम राखून अंतर आणि फेकींची संख्या निम्म्यावर आणावी, आणि अखेरचे एक-दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे ठेवावेत.