हात थरथरतो, यूपीआय पिन चुकतो? उपाय आहेत!

अंधेरी स्टेशनबाहेर पैसे देताना हात थरथरतो, पण मांडीवर ठेवला की शांत? हा इसेन्शियल ट्रेमर असू शकतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा उलटं: हात निवांत असताना कंप जास्त. निदान न्यूरोलॉजिस्टकडूनच करून घ्या.

उपचारांनी कंप कमी होतो, आजार मुळापासून जात नाही. सुरुवात प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोनच्या गोळ्यांनी. दमा असेल तर आधी सांगा, प्रोप्रॅनोलॉल सहसा टाळतात. गोळ्यांनी भागलं नाही तर डीबीएस: मेंदूत तारा, छातीत बॅटरी. ऑपरेशन मोठं, पण सेटिंग नंतर बदलता येतं. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेल्या फोकस्ड अल्ट्रासाउंडमध्ये कवटी उघडत नाहीत, पण मेंदूतला बदल कायमचा.

म्हणून डॉक्टरांना नेमकं सांगा, कोणतं काम अडतंय. तोवर आयफोनच्या 'टच अकोमोडेशन्स'मध्ये 'इग्नोर रिपीट' चालू करा. चुकून दोनदा लागलेलं बोट एकदाच धरलं जाईल.